संघ पत्त्यावरून पाडले, तिथेच चुकलं : ठाण्यातल्या एका गाईड पथकाचा अनुभव

येऊरवाट (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा काढायचं कित्येक महिने मनात होतं, आज शेवटी लिहायला बसले.

मी अकरा वर्षं ठाण्यात गाईड कॅप्टन आहे, म्हणजे स्काउट-गाईड चळवळीतल्या मुलींच्या पथकाची प्रमुख. आमचं पथक शाळेचं नाही, खुलं आहे. दहा वर्षांपुढची कुठल्याही शाळेतली मुलगी येऊ शकते. दर रविवारी सकाळी साडेसात ते दहा आम्ही उपवनजवळच्या एका मैदानावर भेटतो. सध्या अठ्ठावीस मुली आहेत. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांतल्या आहेत, राबोडीतल्या आहेत, कोपरीच्या सिंधी घरांतल्या आहेत, लोकमान्य नगरच्या चाळींतल्या आहेत, आणि येऊरच्या पाड्यांवरून चालत खाली येणाऱ्या पाच जणी आहेत. "आमच्याकडे सगळ्या घरांतल्या मुली येतात" असं मी कुणालाही अभिमानाने सांगायचे.

गेल्या जूनमध्ये मी नवे संघ पाडले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सहा ते आठ जणींचा एक संघ असतो, मुली त्याला पेट्रोलच म्हणतात. त्याची एक संघनायिका असते आणि असे तीन-चार संघ मिळून पथक होतं. स्काउटांच्या संघांना पशुपक्ष्यांची नावं असतात, गाईडच्या संघांना फुलांची. आमचे जास्वंद, मोगरा, चाफा आणि झेंडू. मी ने-आणीची सोय बघितली. एका बाजूच्या मुली एका संघात घातल्या, म्हणजे तीन घरांत एक रिक्षा होते आणि निरोपही एकीला दिला की सगळ्यांना पोचतो. जास्वंदीत घोडबंदर, मोगऱ्यात कोपरी आणि कळवा, चाफ्यात राबोडी-खोपट, झेंडूत लोकमान्य नगर आणि पाडे. पालक खूश होते, मीही खूश होते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी गाठींची स्पर्धा झाली आणि नंतर डब्याची सुट्टी. चारही संघ आपापलं कोंडाळं करून बसले, पाठी बाहेर, तोंडं आत. जास्वंदीतली एक मुलगी डबा विसरली होती. तिच्या संघातल्या दोघी त्या दिवशी आल्या नव्हत्या, बाकीच्यांचे डबे संपले होते. चार पावलांवर चाफ्याच्या मुलींकडे शिरखुर्म्याचा मोठा डबा उघडा होता, आदल्या आठवड्यातल्या कुणाच्या तरी घरच्या समारंभाचं निमित्त होतं, आणि त्यांना तो संपत नव्हता. हिने मागितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. ती बाटलीतलं पाणी पीत बसून राहिली आणि मी ते झाडाखालून बघत होते.

त्या रात्री मी वही काढून संघांची नावं पुन्हा वाचली आणि मला स्वतःची लाज वाटली. ठाण्यात पत्ता सांगितला की माणसाबद्दल पुष्कळ काही सांगून होतं. कुणाला कुठे घर मिळतं आणि कुणाला "सोसायटीचा नियम आहे" म्हणून मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो. मी पत्त्यावरून संघ पाडले, म्हणजे नकळत धर्मावरून, जातीवरून आणि खिशावरून पाडले. गाईडच्या नियमांतला तिसरा, गाईड सर्वांची मैत्रीण असते, मुली दर रविवारी माझ्यापुढे म्हणत होत्या. आणि त्यांना मैत्री करायला मी जागाच ठेवली नव्हती.

ऑक्टोबरात संघ मोडले आणि नवे केले. प्रत्येक संघात प्रत्येक बाजूच्या मुली. लगेच फोन सुरू झाले. डिसेंबरात दोन रात्रींचं शिबिर होतं, येऊरच्या बाजूला, वनखात्याच्या हद्दीबाहेर एका परिचितांच्या वाडीवर. त्यावरून तर फारच. एक विषय जेवणाचा, एक प्रार्थनेचा, एक वचनाचा.

शिबिर झालं, चांगलं झालं. पाड्यावरच्या मुलींनी दवाने ओली झालेली लाकडं पेटवून दाखवली तेव्हा बाकीच्या बघतच राहिल्या. पण प्रश्न संपलेत असं मला वाटत नाही. इथे स्काउट-गाईडमध्ये काम केलेले, मुलं पाठवणारे, न पाठवणारे, सगळे आहेत. तुम्ही हे कसं करता किंवा कसं व्हायला हवं असं वाटतं, मोकळेपणाने लिहा.

तलावपाळी

वाचतेय. फार मनापासून लिहिलंत. जेवणाचं पुढे काय झालं ते सविस्तर लिहा ना.

नौपाडाकर

येऊरवाट ताई, मी साठीच्या पुढचा माणूस. १९७०च्या आसपास शाळेच्या पथकात होतो. खाकी अर्धी चड्डी, गळ्यात स्कार्फ, हातात काठी. आमच्या सरांचा एक शिरस्ता होता. शिबिराच्या पहिल्या दुपारी सगळ्यांचे डबे एका मोठ्या परातीत रिकामे करायचे, गोपाळकाल्यासारखे, आणि सगळ्यांनी त्यातलं खायचं. मला ती आठवण इतकी वर्षं सोन्यासारखी वाटायची.

चार वर्षांपूर्वी जुने मित्र भेटलो. त्यात एक जण होता, तो दर वेळी काल्याच्या वेळी "पोट दुखतंय" म्हणून बाजूला बसायचा. त्याने त्या दिवशी सांगितलं. त्याच्या डब्यात नुसती भाकरी आणि चटणी असायची. परातीत ती पडली की कुणी उचलणार नाही आणि ते सगळ्यांना दिसेल, ही त्याची भीती. पहिल्या वर्षी तसं झालंही होतं. मी त्याच परातीपाशी होतो आणि मला काही दिसलं नव्हतं.

सरांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण सगळं एकत्र ओतलं की समानता झाली असं होत नाही. ज्याच्याकडे परातीत घालायला कमी आहे त्याची लाज झाकली जाईल अशी काहीतरी सोय आधी लागते. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, घरचे डबे नकोतच, शिधा एकच आणा आणि मुलांनाच शिजवू द्या.

गाठोडं

नौपाडाकर काका, +१. हे वाचून थांबायला झालं.

कासारवडवली

मी तुमच्या पथकातल्याच एका मुलीची आई आहे, ताई ओळखतील. फोन करणाऱ्यांत मीही होते, म्हणून माझी बाजू लिहिते.

आम्ही जैन आहोत. कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि हे सगळं ती स्वतःच्या मनाने पाळते, आम्ही डोळे वटारतो म्हणून नव्हे. मला कुणाचा विटाळ होत नाही, असं कृपया कुणी समजू नका. मला भीती होती ती उलटी. सत्तावीस मुलींत ही एकटी "मला हे चालत नाही, मला ते चालत नाही" करत बसणार, मग कुणीतरी म्हणणार एकदा खाल्लंस तर काय होतं, आणि ती एक तर मोडणार किंवा पुन्हा कधी जाणार नाही. सगळ्यांनी मिळून राहायचं म्हणजे शेवटी थोड्यांनी सोडून द्यायचं, असा माझा आजवरचा अनुभव आहे. कॉलेजात असताना सहलींना मी उपाशी राहिलेली आहे.

येऊरवाट

ताई, तुम्ही इथे लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं. तुमचा फोन आला तेव्हा मी चिडले होते, आज मान्य करते. तुम्ही वेगळी चूल मागितलीत एवढंच मी ऐकलं, त्यामागची काळजी ऐकली नाही.

तलावपाळी यांनी विचारलं म्हणून जेवणाचं सांगते. मी ठरवलं की हे मी ठरवायचं नाही. आमच्याकडे मानसभा असते, चार संघनायिका आणि त्यांच्या मदतनीस. पथकाचे निर्णय तिथे होतात, कॅप्टन फक्त बसते. मी त्यांच्यापुढे अडचणी मांडल्या. एकीला कंदमुळं नाहीत, सूर्यास्तानंतर जेवण नाही. सात जणींना मांस असेल तर हलालच हवं. पाच जणी अंडं-मासळीशिवाय दोन दिवस कंटाळतील. एकीला शेंगदाण्याने अंगावर पुरळ येतं. शिधा एवढा, चुली चार, तुम्ही बघा.

दीड तास चर्चा चालली. शेवटी असं ठरलं. शिबिरात मांस नाही, कारण ते टिकणार नाही आणि खर्च वाढेल. डाळ चारही संघांनी आधी साधी शिजवायची, त्यातली एक वाटी बाजूला काढून मग फोडणी. बटाट्याच्या जागी कच्ची केळी आणि दुधी. शेंगदाण्याचा कूट सामानातच नाही. सकाळी ज्यांना हवी त्यांना उकडलेली अंडी, त्याचं पातेलं वेगळं, चूल वेगळी, आणि ते पातेलं खाणारीनेच घासायचं. रात्रीचं जेवण सगळ्या पथकाने साडेपाचला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हा निर्णय तुमच्या मुलीसाठी झाला, पण फायदा सगळ्यांचा झाला. आजवर आम्ही बॅटरीच्या उजेडात भांडी घासायचो, त्या वेळी अंधार पडायच्या आत भांडी पालथी पडली होती. शेकोटीनंतर ज्यांना भूक लागली त्यांना दूध आणि बिस्किटं.

एक नियम मात्र त्यांनी न विचारता घातला. तेरा वर्षांच्या संघनायिकेने स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून वाडीच्या खांबाला बांधला: "दुसरीच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचं नाही." तो कागद माझ्याकडे आहे, धुराने एका कडेला काळा झालाय. दोन दिवसांत त्या कागदाकडे दोनदा बोट दाखवावं लागलं, एकदा अंड्यांवरून आणि एकदा न फोडणीच्या डाळीवरून. दोन्ही वेळा मुलींनीच दाखवलं.

कासारवडवली

हे सगळं तिने मला सांगितलं नव्हतं. फक्त "मम्मी, सगळे साडेपाचला जेवलो" म्हणाली होती, मला वाटलं योगायोग असेल.

जुनी पानं

विषयाला धरून थोडा इतिहास लिहितो, कारण येऊरवाट यांनी केलेली चूक आणि तिची दुरुस्ती, दोन्ही या चळवळीत आधीपासून आहेत.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं. वीसेक मुलं होती. निम्मी ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, निम्मी बॉइज ब्रिगेडमधली, कष्टकऱ्यांच्या घरची. त्यांचे चार संघ केले होते. ज्या काळात ही मुलं एका बाकावर बसली नसती त्या काळात ती एका तंबूत झोपली, हाच त्या शिबिराचा मोठा प्रयोग होता.

पण हीच चळवळ १९०९ मध्ये भारतात आली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. आपल्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून अॅनी बेझंट यांनी भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काउटिंग उभं केलं. दार बंद होतं म्हणून लोकांनी आपली घरं बांधली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेले, एकत्रीकरणाचे प्रयत्न झाले, तरी ते पुरतं झालं नाही. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्सची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही त्यात आल्या. म्हणून ७ नोव्हेंबर हा आपला झेंडा दिन.

मुलींचंही तसंच. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मुलांचा मेळावा होता, तिथे काही मुली आपणहून गणवेश करून आल्या आणि आम्हीही स्काउट आहोत म्हणाल्या. पुढच्या वर्षी गाईडिंग सुरू झालं. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं.

आणि ठाणेकरांना जवळचं म्हणजे पुण्यातलं संगम. गाईडिंगची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यातलं हे एक, १९६६ मध्ये सुरू झालं. जमलं तर मुलींना एकदा घेऊन जा.

येऊरवाट

जुनी पानं, खूप आभार. हे मुलींना शेकोटीला सांगणार आहे. क्रिस्टल पॅलेसच्या मुली त्यांना फार आवडतील.

खाडीकाठ

कळव्याहून लिहितोय. वचनाचा उल्लेख ताईंनी केला, पण पुढे लिहिलं नाही. बहुधा आमच्या घरचा विषय म्हणून त्यांनी टाळलं असावं. तर मीच लिहितो.

माझी मुलगी गेल्या वर्षी पथकात आली. दीक्षाविधीच्या, म्हणजे पथकात रीतसर सामील व्हायच्या समारंभाच्या, आधी वचन पाठ करायचं असतं. त्यात ईश्वर आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य करीन असं येतं. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या वडिलांनी त्यांच्या वडिलांबरोबर दीक्षा घेतली होती. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर आहेत आणि त्या नुसत्या भिंतीवर नाहीत. मुलगी आठ दिवस आरशासमोर उभी राहून वचन म्हणत होती आणि त्या एका शब्दाशी थांबत होती. मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. शेवटी आजोबांकडे गेली. म्हणाली, बाबा, मी हे म्हणाले तर खोटं बोलल्यासारखं होईल का? वचन देताना पहिलंच वाक्य खोटं?

आजोबा म्हणाले, हे तुझ्या कॅप्टनबाईंना विचार. मला वाटलं, आता "एवढं काय त्यात, सगळे म्हणतात" असं उत्तर येणार. अशी उत्तरं मी आयुष्यभर ऐकलेली आहेत.

ताईंनी तिला संघटनेचं नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. तिथे छापलेलं आहे की ईश्वर या शब्दाऐवजी इच्छा असेल तर धर्म हा शब्द म्हणता येतो. ही सवलत ताईंनी दिलेली नाही, ती आधीपासून आहे. फक्त कुणी सांगत नाही. माझ्या मुलीने धर्म म्हटलं, मनात धम्म म्हटलं. आजोबा पांढरा सदरा घालून मैदानावर आले होते. तिचा डावा हात कॅप्टनच्या डाव्या हातात होता, गाईडचं हस्तांदोलन डाव्या हाताने असतं, आणि आवाज अजिबात कापला नाही.

आमच्यासाठी वेगळं काही करा असं आमचं मागणं कधीच नव्हतं. जे छापलेलं आहे ते पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा, एवढंच. ज्या मुलीला विचारायचं धाडस होत नाही, तिचं काय होतं?

येऊरवाट

दादा, तुम्ही लिहिलंत, बरं झालं. शेवटच्या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नाही. अकरा वर्षांत माझ्यापुढे दीडशेहून जास्त मुलींनी वचन घेतलं असेल. तुमच्या मुलीने विचारेपर्यंत ती ओळ मी एकीलाही आपणहून दाखवली नव्हती. किती जणी त्या शब्दाशी थांबल्या असतील आणि गिळून पुढे गेल्या असतील, हे मला कधीच कळणार नाही.

आता नवीन मुलगी आली की वचनाच्या कागदावर दोन्ही शब्द असतात आणि दोन्ही मी स्वतः वाचून दाखवते.

पेणकर सून

डाव्या हातावरून आठवलं. माझ्या सासूबाईंचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच होता! देवाण-घेवाण डाव्या हाताने करू नये. आफ्रिकेतल्या योद्ध्यांची गोष्ट सांगतात ना, ढाल डाव्या हातात असते, ती खाली ठेवून हात पुढे केला म्हणजे समोरच्यावर पूर्ण विश्वास. नातवाने आजीला ती सांगितली. त्यानंतर तो बैठकीहून आला की आजी दारातच डावा हात पुढे करते.

टेकडीपलीकडे

नमस्कार. मी येऊरच्या एका पाड्यावरची. स्वतः चार वर्षं गाईड होते, आता बी.एस्सी.ला आहे. ताईंच्या पथकात नव्हते, दुसऱ्या पथकात होते. ताईंचं काम मला माहीत आहे आणि आदर आहे. तरी एक गोष्ट बोलते, राग मानू नका.

पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की पाड्यावरच्या मुलींनी ओली लाकडं पेटवली आणि सगळ्या बघत राहिल्या. चार वर्षं प्रत्येक शिबिरात लाकडं मीच पेटवली. पाणी कुठे मिळेल ते मलाच विचारलं. साप कुठला ते मलाच विचारलं. मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. टाळ्या मिळायच्या. पण नकाशा आणि होकायंत्र माझ्या हातात एकदाही आलं नाही. "तुला काय गरज, तुला जंगल माहीतच आहे." अहवाल लिहायचा तर तो संकुलातल्या मुलीने, तिचं इंग्रजी चांगलं म्हणून. शेकोटीला सूत्रसंचालन तिचंच. आणि त्या मुलीला काडी ओढायची भीती वाटायची, ती चार वर्षांनीही वाटतच राहिली.

म्हणजे आम्ही एका संघात होतो खऱ्या, पण प्रत्येकीने जे घरून आणलं तेच करत राहिलो. मी कॉलेजात आल्यावर सोळा दिशा शिकले.

माझं एवढंच म्हणणं आहे की पाड्यावरच्या मुलीच्या हातात नकाशा द्या.

गाठोडं

टेकडीपलीकडे, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

येऊरवाट

राग कसला मानायचा. पुन्हा एकदा माझं मलाच दाखवलंत. मी ते वाक्य कौतुकाने लिहिलं होतं आणि त्यात काय आहे हे मला दिसलं नव्हतं. जूनमध्ये पत्त्यावरून संघ पाडले होते, ऑक्टोबरात संघ मोडले पण कामं पत्त्यावरूनच वाटली. चुलीवर पाड्याच्या, हिशेबाला कोपरीच्या, फलकलेखनाला घोडबंदरच्या.

या महिन्याच्या मानसभेत हे तुमच्याच शब्दांत वाचून दाखवते, चालेल ना?

टेकडीपलीकडे

चालेल ताई. नाव नको.

नेरुळकर

नवी मुंबईत जरा वेगळं चित्र आहे, म्हणून लिहितो. मी नेरुळला स्काउट मास्टर आहे. सिडकोच्या वसाहती पहिल्यापासून सरमिसळ आहेत. माझ्या चोवीस मुलांत मल्याळी, तमिळ, घाटावरची मराठी, बिहारी, आणि इथल्या मूळ गावांतली आगरी-कोळी मुलं. शेजारी सगळे वेगवेगळे, पण वसाहत आणि गावठाण यांच्यात मात्र रेघ आहे. वसाहतीतल्या मुलाला गावातल्या मुलाची आगरी बोली ऐकून हसू येतं, आणि गावातला मुलगा गप्प बसतो. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्यांच्याच मुलाने इथे गप्प बसायचं, हे मला सहन होत नाही.

हसू नका असं सांगून काही होत नव्हतं. मग प्रथमोपचाराच्या धड्यातून रस्ता सापडला. जखमी माणसाशी पहिलं बोलायचं ते त्याला कळेल त्या भाषेत, नाहीतर तो घाबरतो. म्हणून प्रत्येक मुलाने संघातल्या इतरांच्या भाषेत दहा वाक्यं शिकायची आणि ती शिकवायची त्या त्या मुलाने. कुठं दुखतंय, हलू नका, मी मदत करतो, घरचा नंबर सांगा. तमिळमध्ये "एंगे वलिक्कुदु". मल्याळममध्ये दुखण्याला वेदनाच म्हणतात हे कळल्यावर आमच्या सातारच्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. आगरी बोलीची पाळी आली तेव्हा तो गप्प बसणारा मुलगा उभा राहिला आणि त्याने अर्धा तास वर्ग घेतला. उच्चार चुकला की थांबवून परत म्हणायला लावायचा. त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

एक प्रश्न. सर्वधर्म प्रार्थना तुम्ही कशी घेता? आमच्याकडे अडचण होते.

येऊरवाट

भाषेची कल्पना उचलते, परवानगी गृहीत धरली आहे.

प्रार्थनेचं असं आहे. पूर्वी मी "तू मुस्लिम ना, मग तू ही म्हण, तू ख्रिश्चन ना, तू ती म्हण" अशी वाटणी करायचे. एका वर्षी अकरा वर्षांची एक मुलगी रडवेली झाली, कारण तिला तिच्या धर्माची प्रार्थना येतच नव्हती आणि सगळ्यांसमोर ती न येणं म्हणजे काहीतरी कमी असणं, असं तिला वाटलं. अकरा वर्षांच्या पोरीला मी एका अख्ख्या धर्माची प्रतिनिधी करून उभी केली होती. आता पाळी संघाची असते. ज्या संघाची पाळी, त्याने एक प्रार्थना निवडायची, तिचा अर्थ मराठीत सांगायचा. त्यानंतर दोन मिनिटं शांतता, तेव्हा जिला जे म्हणायचं ते मनात, आणि जिला काहीच म्हणायचं नाही तिने पाखरं ऐकायची. खाडीकाठ दादांच्या मुलीच्या सूचनेवरून ही शांतता आली.

सहा नंबरची बस

गणवेश आणि फी याबद्दल कुणीच बोललं नाही. गणवेशाने सगळ्या सारख्या दिसतात हे खरं, पण तो विकत घेताना सारख्या नसतात. माझी मुलगी त्यामुळेच गेली नाही.

येऊरवाट

हे लिहायला हवंच होतं. आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. उंची वाढली की गणवेश धुऊन, इस्त्री करून कपाटात परत करायचा. नवीन येणारी प्रत्येक मुलगी, मग ती कुठलीही असो, पहिला गणवेश कपाटातूनच घेते. परवडतं तिनेही नवा घ्यायचा नाही. त्यामुळे कपाटातला कोणाचा आणि दुकानातला कोणाचा हा फरक राहत नाही. शिबिराचा खर्च खऱ्या कमाईतून. दिवाळीआधी मुली पणत्या रंगवतात, आकाशकंदील करतात, ती सगळी रक्कम एका डब्यात. कुणी किती आणले हे वहीत लिहीत नाही. कमी पडलं तर सगळ्यांच्याच शिबिराचा एक दिवस कमी होतो. एकदा तसं झालंही, तीनाचे दोन दिवस केले.

तुमच्या मुलीला पुढच्या रविवारी पाठवा. वय उलटलं नसेल तर अजून वेळ गेलेली नाही.

सहा नंबरची बस

चौदाची आहे. विचारते तिला.

येऊरवाट

मानसभा झाली, म्हणून धागा वर काढतेय.

टेकडीपलीकडे यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग झेंडूची संघनायिका म्हणाली, "ताई, मला पण कंटाळा आलाय चुलीचा." ती पाड्यावरची आहे. अकरा महिन्यांत हे तिने मला सांगितलं नव्हतं.

त्यांनी ठरवलं की दर शिबिरात कामाची चिठ्ठी उचलायची आणि जे काम आधी दोनदा केलंय ते निघालं तर चिठ्ठी परत टाकायची. परवाच्या रविवारी वाडीवर पहिला प्रयोग केला, बिनभांड्यांचा स्वयंपाक. केळीच्या पानात गुंडाळलेल्या भाज्या निखाऱ्यात भाजायच्या. चुलीची चिठ्ठी कासारवडवलीच्या ताईंच्या मुलीला आली. तिने आयुष्यात काडी ओढली नव्हती. चार काड्या वारा घालवून गेला, सात तिने घाबरून टाकून दिल्या. झेंडूची नायिका शेजारी उकिडवी बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण मदत करायची नाही असं ठरलं होतं. फक्त तोंडाने सांगत होती, बारीक काटक्या खाली, फुंकर लांबून घाल, जवळून नको. चाळीस मिनिटं लागली. जेवण दीड वाजता झालं, वांगी एका बाजूने कच्ची होती, आणि सगळ्यांनी खाल्ली.

त्याच दिवशी नकाशा आणि होकायंत्र पाड्यावरच्या सर्वांत लहान मुलीकडे होतं. तिने संघाला वाडीपासून वळसा घालून परत आणायचं होतं. एका ठिकाणी ती थांबली. पायवाट तिला पाठ होती, डावीकडे जायचं हे तिला माहीत होतं. तरी तिने होकायंत्र तळहातावर सपाट धरलं, सुई स्थिर होईपर्यंत वाट बघितली, दिशा मोठ्याने वाचली आणि मगच डावीकडे वळली. मी मागून चालत होते.

टेकडीपलीकडे

ताई, तिच्या गटाला पुढच्या महिन्यात सोळा दिशा आणि बेअरिंग शिकवायला मी येऊ का? रविवारी मला सुट्टी असते.

येऊरवाट

ये ना. साडेसातला, उपवनच्या बाजूच्या फाटकापाशी.

सहा नंबरची बस

ती येते म्हणाली. बूट लागतील का? तिच्या पायाला चार नंबर होतो.

कासारवडवली

चार नंबरचे कॅनव्हासचे आमच्याकडे आहेत, हिला लहान झालेत. धुऊन कपाटात ठेवते.